गुप्त कागदांचे ओझे



इतिहास म्हटला की लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु सरकारी दप्तरालाही वजन असते आणि त्या वजनानेही इतिहास घडविला आहे, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही.

अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांनी १९६७ साली व्हिएतनाम युद्धाचा एक गुप्त इतिहास लिहवून घेण्यास आरंभ केला. ४७ खंड, सुमारे ७,००० पृष्ठे, प्रती मोजक्याच. राज्यकर्ते जनतेला एक सांगत होते आणि आतल्या कागदांत वेगळेच लिहीत होते, हे त्यातून उघड होत होते. या लेखनात सहभागी झालेल्या डॅनिएल एल्सबर्ग यांना ते सहन झाले नाही. ऑक्टोबर १९६९ पासून ते कार्यालयातील कागद बॅगेत घालून बाहेर नेत, रात्री मित्राच्या साहाय्याने झेरॉक्स यंत्रावर एकेक पान काढीत आणि मूळ कागद पुन्हा जागेवर ठेवीत. त्यांचा तेरा वर्षांचा मुलगाही मदतीला आला होता. (मुलाला अशा कामात घ्यावे काय, हे पालकांनीच ठरवावे!)

संगणक तेव्हा नव्हते काय? होते. पण थोडा हिशेब करून पाहा. पानावर दोन हजार अक्षरे धरली तर ७,००० पानांची १ कोटी ४० लाख अक्षरे होतात. त्या काळच्या छिद्रित कार्डावर ८० अक्षरे मावत. म्हणजे पावणेदोन लाख कार्डे! १९५६ साली आय.बी.एम.ने आणलेल्या पहिल्या चकती-भांडारात ५० मोठ्या तबकड्या असून वजन टनाच्या घरात होते, तरी त्यात ५० लाख अक्षरेच राहत. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला 'टिफ्रॅक' १९६० मध्ये सुरू झाला. तारांत ओवलेल्या चिमुकल्या चुंबकीय कड्यांची त्याची स्मृती ४० अंशांच्या २,०४८ शब्दांची होती. आजच्या मापाने त्यात आपली पाच पाने मावली असती.

१३ जून १९७१ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ते कागद छापण्यास प्रारंभ केला. सरकारने बंदी मागितली. सर्वोच्च न्यायालयाने ३० जूनला सहा विरुद्ध तीन मतांनी वृत्तपत्रांच्या बाजूने निर्णय दिला. एल्सबर्ग यांच्यावरील खटलाही सरकारच्याच गैरवर्तनामुळे १९७३ मध्ये रद्द झाला.

पुढे २०१० साली अडीच लाखांहून अधिक अमेरिकी राजनैतिक संदेश फुटले, तेव्हा नक्कल करण्यास रात्री जागवाव्या लागल्या नाहीत. खिशात मावणारी तबकडी पुरली. माझ्या मते फरक येथेच आहे. एल्सबर्ग यांनी वाटाघाटींसंबंधीचे चार खंड वृत्तपत्रांपासून मुद्दाम दूर ठेवले होते. एकेक पान हाताखालून गेले की काय द्यावे आणि काय राखावे, याचा विचार करण्यास सवड मिळते. तबकडी ती सवड देत नाही.

एल्सबर्ग २०२३ मध्ये वारले. त्यापूर्वी, १३ जून २०११ रोजी, छपाईला बरोबर ४० वर्षे झाली त्या दिवशी, अमेरिकी सरकारने तो सारा इतिहास स्वतःच सर्वांसाठी खुला केला होता.