पेट्रोलमधला मद्यार्क आणि कोकणातला पाऊस

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळणे ही अलीकडची टूम आहे, असे विद्यार्थ्यांना वाटते. वस्तुतः त्यासाठीचा 'इंडियन पॉवर अल्कोहोल अ‍ॅक्ट' १९४८ सालीच झाला होता. साखर काढून घेतल्यावर उरणाऱ्या मळीचे करायचे काय, हा तेव्हाचा प्रश्न. मळी आंबवली की मद्यार्क, म्हणजेच इथेनॉल, मिळतो. पुढे खनिज तेल स्वस्त झाले, मद्यार्काला रासायनिक कारखाने गिऱ्हाईक मिळाले आणि कायदा मागे पडला. गंमत अशी, की २००० साली तो रद्द झाला आणि २००१ मध्ये मिरज व मनमाड येथे ५ टक्के मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले! २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत हे मिश्रण आले.

मिरज उसाच्या पट्ट्यातले. तेथून कोल्हापूरमार्गे आंबा घाट उतरला की रत्नागिरी. येथे साखर कारखाना नाही. पाऊस मात्र वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक. आणि मद्यार्काचे पाण्याशी फार सख्य!

साध्या ऊर्ध्वपातनाने मद्यार्क वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांपर्यंतच शुद्ध होतो. उरलेले पाणी त्याच्याबरोबरच उकळते. सिडनी यंग यांनी १९०२ मध्ये बेंझीन घालून ते वेगळे केले. आता झिओलाइटच्या अतिसूक्ष्म छिद्रांत पाण्याचे रेणू अडकवतात. इथेनॉलचे मोठे रेणू आत शिरत नाहीत.

एवढा खटाटोप कशासाठी? मोजपात्रात १०० मिलिलिटर मिश्रित पेट्रोल आणि १० मिलिलिटर पाणी घेऊन हलवले, तर तळाचा थर १० चा राहत नाही, फुगतो. मिश्रणात १० टक्के इथेनॉल असेल तर तो सुमारे २० होतो, कारण मद्यार्क पेट्रोलला सोडून पाण्यात उतरतो. (वर्गात हे आकृती काढूनच सांगावे, पेट्रोल आणू नये.) गाडीच्या टाकीत बाहेरचे पाणी शिरले तर हेच घडते, आणि इंजिन इंधन ओढते ते बहुधा तळाकडूनच.

नुसत्या दमट हवेने असे होईल, ही भीती मात्र अतिरंजित वाटते. थोडे पाणी मिश्रण सामावून घेते. मद्यार्क जितका जास्त, तितकी ही क्षमताही जास्त. २०२५ मध्ये मिश्रण २० टक्क्यांवर पोचले. जुन्या गाडीच्या मालकाची खरी तक्रार वेगळी आहे. एक लिटर इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असते. त्यामुळे, मद्यार्काचा ऑक्टेन अंक चांगला असला तरी, जुन्या मोटारींचे अंतर ६ ते ७ टक्के घटेल, असा नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाचा अंदाज होता. जुन्या रबरी नळ्या व चकत्याही मद्यार्काने खराब होऊ शकतात. रत्नागिरीत आषाढभर गाडी उघड्यावर उभी राहणार असेल, तर टाकीच्या झाकणाची चकती आधी तपासावी.