अमोनिया : वायू, द्रव आणि बर्फ

नवसागर आणि चुना एकत्र चोळला की नाकाला झोंबणारा जो वास सुटतो, तो अमोनियाचा. हा वायू द्रव करून दाखविणारा मायकेल फॅरडे मूळचा पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार. म्हणून आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना तो जवळचा वाटतो.

१८२३ साली त्याने अमोनिया शोषलेले सिल्व्हर क्लोराइड वाकड्या, बंद काचनळीत तापविले व नळीचे दुसरे टोक थंड ठेवले. कोंडलेला वायू स्वतःच्याच दाबाने तेथे द्रव झाला. त्याच वर्षी अशा प्रयोगांत नळी फुटून काचेचे तुकडे त्याच्या डोळ्यांत गेले.

हा द्रव हवेच्या साध्या दाबाखाली उणे ३३ अंशांवर उकळतो, उणे ७८ च्या सुमारास गोठतो. एक किलो द्रवाची वाफ होताना जी उष्णता ओढली जाते, तेवढी काढून घेतली तर शून्य अंशावरचे चार किलो पाणी गोठते! १८७६ च्या सुमारास जर्मनीत कार्ल लिंडेने याच गुणावर शीतयंत्र उभारले : वायू पंपाने दाबायचा, थंड करून द्रव करायचा, दाब सोडून पुन्हा उकळू द्यायचा. बर्फाचे अनेक कारखाने आजही याच चक्रावर चालतात.

मात्र नळ फुटला तर तोच द्रव सुमारे आठशेपट वायू होऊन डोळे व फुप्फुसे जाळतो. वायू हवेहून हलका खरा, पण गळताना गार धुके होऊन जमिनीलगत पसरतो. पाणी त्याला झपाट्याने शोषते. तेव्हा मुखवटे आणि पाण्याची सोय आम्ही मागतो, ती हुज्जत नव्हे. फॅरडेच्या फुटलेल्या नळीने दिलेला तो धडा आहे.