पेटी कुणाची? सूर कुणाचा?



एकादशीचं भजन असलं की देवळात पहिला प्रश्न येतो, "पेटीवाले आले का?" ते येतात, सूर धरतात, मग आपण टाळ उचलतो. आमच्या मंडळातही असंच चालायचं. एकदा पेटीवाले परगावी गेले. आम्ही पंधराजणी होतो, पेटीही समोर होती, पण तिला हात लावायची हिंमत कुणाची झाली नाही. त्या रात्री आम्ही ठरवलं की ही पेटी आहे तरी काय, ते समजून घ्यायचं.

दुरुस्तीच्या वेळी आम्ही ती उघडलेली पाहिली. आत लोहारासारखाच भाता! मागचा भाता हातानं हलवला की हवा आतल्या भात्यात साठते. त्यावर स्प्रिंगचा दाब असतो, म्हणून हवा एकसारखी सुटते. पट्टी दाबली की भोक उघडतं आणि हवा पितळी सुरातून जाते. सूर म्हणजे पितळेच्या चौकटीत एका टोकाला पक्की बसवलेली पातळ जीभ. ती थरथरते आणि आवाज निघतो. लांब जीभ खालचा सूर देते, आखूड जीभ वरचा. कारागीर जिभेचं टोक किंचित घासतो, तेव्हा सूर चढतो; मुळाशी घासलं की उतरतो. हे सगळं कानानं ऐकत करायचं काम. गुजरातेतलं पालिताणा गाव अशा सुरांसाठी नावाजलेलं आहे. सुरांच्या रांगांची नावंही ऐका: खर्ज, नर आणि मादी. म्हणजे पेटीच्या पोटात बाई आधीपासूनच आहे!

पेटी विकत घेताना नुसत्या पॉलिशवर भुलू नका. भाता भरा, पट्टी न दाबता थांबा. हवा लगेच गळाली तर समजा भाता फुटका आहे. मग अगदी थोड्या हवेवर एकेक पट्टी वाजवा. चांगला सूर लगेच बोलतो.

अशाच थरथरत्या जिभेवर युरोपात बरीच वाद्यं तयार झाली. 1829 साली व्हिएन्नामध्ये अकॉर्डियनचं पेटंट घेतलं गेलं. जुन्या हिंदी गाण्यांत गळ्यात अडकवून, भाता ओढत वाजवतात ते हे वाद्य. त्यानंतर दहा-बारा वर्षांनी पॅरिसमध्ये हार्मोनियम आली. ती खुर्चीवर बसून, पायानं भाता मारत वाजवायची. आपण तर गाताना जमिनीवर बसतो. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हातभात्याची पेटी बनवली, आणि ती बैठकीत, कीर्तनात, तमाशात, नाटकात सगळीकडे गेली. महाराष्ट्रात गोविंदराव टेंबे यांनी पेटीला नाटकातून आणि मैफलीतून मोठा मान मिळवून दिला.

पण ज्या रेडिओवरून आज आम्ही बोलतोय, त्याच रेडिओनं पेटीला दारात उभं केलं नव्हतं. 1940 साली आकाशवाणीनं तिच्यावर बंदी घातली. कारण असं की ती परदेशी, तिचे सूर ठरलेले, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यात निघत नाही. त्या बोलण्यात तथ्य होतं. तरी गावोगावच्या भजनात पेटी वाजतच राहिली. 1971 साली ही बंदी सैल झाली, तीही साथीपुरती.

त्याच काळात आपल्या जालन्याच्या मातीतला एक माणूस पेटीवर रियाज करत होता. अप्पा जळगावकर. जन्म 1922 चा. गाणं ते शिकले होते, पेटी मात्र ऐकून आणि घासून स्वतःच कमावली. मींड न निघणाऱ्या पेटीतून त्यांनी गळ्यासारखं गाणं काढलं. भीमसेन जोशींसारख्या मोठ्या गवयांना त्यांनी साथ केली. गवयाला झाकायचं नाही आणि एकटंही सोडायचं नाही, अशी ती साथ. पुढे त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. 2009 साली ते गेले. साथ करणाऱ्याचं नाव मागे राहतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. म्हणून हे नाव आपल्या लेकरांना सांगा.

आता आमचं सांगतो. पेटीवाले बहुतेक काळी एकमध्ये वाजवायचे. तो पुरुषाच्या गळ्याचा सूर. आम्ही वरच्या ओळीला ताणून ताणून ओरडायचो, नाहीतर गप्प बसायचो. आम्हाला वाटायचं, आपला गळाच वाईट. शिकायला बसलो तेव्हा कळलं की बायकांचा गळा साधारण काळी चार, पांढरी पाचच्या आसपास मोकळा होतो. तोच अभंग आम्ही काळी चारवर धरला. जी म्हातारी आजी कधी तोंड उघडत नव्हती, ती त्या दिवशी शेवटपर्यंत गायली.

सुरुवातीला हसणारे हसले. डाव्या हाताचा भाता आणि उजव्या हाताची बोटं जुळायला दोन महिने गेले. अजूनही चुकतो. पण चुलीला फुंकर कधी जोरात, कधी हळू घालायची हे ज्या हातांना कळतं, त्यांना भाता अवघड नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या देवळातली पेटी कोपऱ्यात पडून असेल तर तिच्यावरची धूळ झटका. उंदरांपासून आणि ओलीपासून तिला जपा. आणि पुढच्या एकादशीला "पेटीवाले आले का?" असं कुणी विचारलं, तर तुमच्यातली एकजण पुढं होऊन बसू द्या. सा मात्र तुमच्या गळ्याचा धरा.

रामराम.