बृहदांत्राचा कर्करोग आणि प्रतिकारपेशी : जनुकीय पुरावा

बृहदांत्र व मलाशय यांच्या कर्करोगाचा धोका शरीरातील प्रतिकारपेशींवर कितपत अवलंबून असतो, याचा जनुकांच्या आधारे घेतलेला शोध. नुसत्या रुग्णाच्या रक्तातील पेशी मोजून भागत नाही. पेशी बदलल्या म्हणून गाठ झाली की गाठीमुळे पेशी बदलल्या, हे त्यातून कळत नाही. वारशाने आलेली जनुके मात्र गर्भधारणेलाच ठरतात. गाठ ती मागाहून बदलू शकत नाही. म्हणून ज्यांच्यात एखादी पेशी जनुकांमुळेच जास्त असते, त्यांना हा रोग जास्त होतो का, हे पाहतात. या पद्धतीला मेंडेलीय यादृच्छिकीकरण म्हणतात.

अशा अभ्यासांचा मोठा आधार म्हणजे सार्डिनिया बेटावरील 3,757 लोकांची 2020 साली प्रसिद्ध झालेली माहिती. तीत प्रतिकारपेशींची 731 लक्षणे मोजली आहेत. एवढी लक्षणे तपासताना विसात एक चूक चालवून घेतली, तर छत्तीसेक ‘संबंध’ निव्वळ योगायोगानेच सापडतील. त्यामुळे एकट्यादुकट्या निष्कर्षावर विसंबू नये.

लिंच लक्षणसमूह या, बृहदांत्राच्या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक विकाराचा पुरावा याहून पक्का, पण वेगळ्या जातीचा आहे. त्यात एमएलएच1, एमएसएच2 यांसारखी डीएनए दुरुस्त करणारी जनुके सदोष असतात. गाठीत विकृत प्रथिने साठतात आणि त्यांचा माग काढत टी पेशी नावाच्या प्रतिकारपेशी तेथे गोळा होतात. दुरुस्ती बिघडलेल्या मलाशयाच्या गाठींवर न्यूयॉर्कमध्ये केवळ प्रतिकारशक्ती मोकळी करणारे औषध दिले, तेव्हा 2022 साली जाहीर झालेल्या पहिल्या बाराही रुग्णांच्या गाठी दिसेनाशा झाल्या. मात्र हा उपचाराचा पुरावा आहे, धोक्याचा नव्हे.

सार्डिनियाचे निष्कर्ष मुंबईला जसेच्या तसे लावता येत नाहीत. उदाहरणार्थ, तिथल्या शीव कोळीवाड्यात मूळचे कोळी आणि फाळणीनंतर निर्वासित म्हणून आलेले पंजाबी शेजारी आहेत. वंशपरंपरा वेगळी, रोजचे जेवणही वेगळे. रुग्णांत एका समाजाचे लोक जास्त आले, तर त्या समाजात मुळातच अधिक आढळणारे जनुक रोगाचे कारण भासते. परळला संशोधक डॉ. व्ही. आर. खानोलकर व एल. डी. संघवी यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांच्या सात जनुकीय गुणधर्मांची माहिती 1949 साली मांडली होती. शहर एक असले तरी गटागणिक जनुकांचे प्रमाण वेगळे पडते, म्हणून इथल्या अभ्यासात रुग्ण आणि निरोगी माणसे एकाच समाजातून निवडावी लागतात किंवा वंशभेद गणिताने वजा करावा लागतो.