लहरींची थरथर आणि तिचा बंदोबस्त

श्रोतेहो, काटा फिरवून रेडिओवर स्टेशन लावण्याची सवय तुमच्यापैकी जुन्या मंडळींना असेल. संच तापला की लागलेलं स्टेशन हळूच सरकायचं, आणि कुणीतरी उठून काटा पुन्हा जागेवर आणायचा. आजच्या संचात आकडा दाबला की स्टेशन लागतं आणि लागलेलं राहतं. ही किमया ज्या विद्युत्-मंडलाची, त्याला 'फेज-लॉक्ड लूप' म्हणतात. नाव परकं असलं तरी काम आपल्या ओळखीचं आहे. आज त्याच्या कौतुकापेक्षा त्याच्या एका दुखण्याचा इतिहास पाहू. ते दुखणं म्हणजे थरथर.

प्रत्येक रेडिओला स्वतःच्या पोटात एक लहर निर्माण करावी लागते. ती निर्माण करणाऱ्या मंडलाला आंदोलक म्हणतात. क्वार्ट्झच्या स्फटिकाचा आंदोलक फार स्थिर असतो, पण त्याचा सूर एकच. दुसरा आंदोलक विद्युत्-दाब कमीजास्त केला की हव्या त्या सुरावर जातो; पण त्याची चाल डळमळीत. मग या दोघांची जोडी जमवतात. चपळ आंदोलकाची लहर ठराविक संख्येने, समजा १००० ने, भागायची. आलेला ठोका स्फटिकाच्या ठोक्याशी ताडून पाहायचा. आणि फरक पडेल तसा कासरा ओढायचा किंवा सैल सोडायचा. मोकळ्या खोंडाला शांत बैलाबरोबर जुंपावे, तसाच हा प्रकार.

एकाने दुसऱ्याचा ताल धरावा, ही गोष्ट निसर्गात आधीपासून आहे. १६६५ साली हेग शहरात ख्रिस्तियान हायगेन्स आजारी पडला होता. एकाच तुळईला टांगलेल्या आपल्या दोन घड्याळांचे लंबक अर्ध्या तासात एकमेकांशी जुळून येतात, हे त्याने अंथरुणातून टिपले. पुढे १९३२ साली आंरी द बेलसीझ या फ्रेंच अभियंत्याने येणाऱ्या लहरीशी संचातील लहर जुळवून ठेवण्याची मंडलरचना प्रसिद्ध केली. पण तेव्हाच्या व्हॉल्व्हच्या जमान्यात ती घरोघर पोचण्यासारखी नव्हती.

आता खरी अडचण कोठे आहे? एका दिंडीचे उदाहरण घेऊ. पखवाजाच्या ठोक्यावर टाळकरी टाळ वाजवतो आहे. त्याने प्रत्येक ठोक्याला लगेच चाल बदलली, तर पखवाजाची बारीकसारीक चूकही तो उचलील, आणि बाजूच्या गलक्यालाही ठोका समजेल. उलट तो फारच निवांत राहिला, तर त्याचा स्वतःचा हात वाहवत जाईल. म्हणजे किती तत्पर असावे, यातच सगळी कला आहे. लूपमध्ये हे ठरवण्याचे काम एका गाळणीकडे असते. गाळणी मोकळी ठेवली तर मूळ ठोक्याची खरखर आत येते. घट्ट केली तर आंदोलकाची आपली थरथर मोकाट सुटते. दोन्हींपासून एकदम सुटका नाही.

१९४३ साली वेंट आणि फ्रेडेंडॉल या अमेरिकी अभियंत्यांनी दूरचित्रवाणीसाठी हे सूत्र वापरले. आधी चित्राची प्रत्येक ओळ येणाऱ्या ठोक्यावर सुरू होई. शेजारून मोटार गेली की तिच्या ठिणगीची खरखर ठोका म्हणून घेतली जाई, आणि चित्राच्या कडा करवतीसारख्या फाटत. नव्या मंडलाने अनेक ठोक्यांची सरासरी धरली, आणि एकट्यादुकट्या खोट्या ठोक्याचा जोर उरला नाही.

पुढची कसोटी आकाशात होती. १९५५ साली जाफी आणि रेक्टिन या शास्त्रज्ञांनी खरखरीचे प्रमाण पाहून गाळणी कशी निवडावी, याचे गणित मांडले. ३१ जानेवारी १९५८ रोजी अमेरिकेचा 'एक्सप्लोरर १' उपग्रह अवकाशात गेला. त्याच्या एका प्रक्षेपकाची शक्ती अवघी १० मिलिवॅट, म्हणजे एका वॅटचा शंभरावा भाग! हातातल्या बॅटरीच्या दिव्यालाही याच्या कितीतरी पट शक्ती लागते. ही कुजबुज अरुंद गाळणीच्या लूपने जमिनीवर धरून ठेवली. लूपची पकड सुटली असती, तर उपग्रहाने मोजलेली माहिती खरखरीतच विरून गेली असती.

१९६६ साली डेव्हिड लीसन यांनी दोनच पानांच्या लेखात आंदोलक का थरथरतो ते मांडले. आंदोलकातली ऊर्जा वाया कमी गेली आणि त्यातील लहर जोरकस असली, की थरथर कमी. म्हणजे आधी आंदोलकच चांगला घ्यावा. वाईट आंदोलकाची लाज लूप झाकीलच, या भरवशावर राहू नये.

तरी एक दुखणे उरले होते. १०० किलोहर्ट्झच्या ठोक्यावरून १०० मेगाहर्ट्झची लहर करायची तर भागाकार १००० चा होतो. पण शिक्षक मित्रहो, लक्षात घ्या: भागायला जेवढी संख्या, तेवढ्याच पटीने मूळ ठोक्याची थरथर बाहेरच्या लहरीत मोठी होते. खरखरीची शक्ती तर त्या पटीच्या वर्गाने, म्हणजे इथे दहा लाख पटीने, वाढते. मग भाजक लहान कसा करावा?

उत्तर आपल्या पंचांगात सापडते. सौर वर्षात चांद्रमास पुरे बसत नाहीत, म्हणून बहुतेक वर्षे १२ महिन्यांची धरून मधूनच अधिक मास घालतात. १९ वर्षांत असे ७ अधिक मास येतात, आणि हिशेब जुळतो. तसेच इथे सात वेळा १०० ने आणि तीन वेळा १०१ ने भागले, की सरासरी १००.३ येते. मग ठोका १ मेगाहर्ट्झचा ठेवता येतो, आणि भाजक हजारावरून शंभरावर उतरतो. पण हा क्रम ठराविक राहिला तर लहरीत शिटीसारखा खोटा सूर उमटतो. १९९३ साली कॅनडातील रायली, कोपलंड आणि क्वासनीव्स्की यांनी क्रम असा विस्कटण्याची रीत दाखवली, की त्याची खरखर दूरच्या, जलद कंपनांत ढकलली जाते. तिथे गाळणी तिला अडवते.

आपल्या पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. त्या एकच डोळा म्हणून पाहायच्या, तर साऱ्यांच्या स्वीकारयंत्रणेला एकच ताल हवा. एकीचा ताल चुकला, तर तिने ऐकलेले इतरांत मिसळत नाही.

या सगळ्या इतिहासात खरखर कुणी नाहीशी केलेली नाही. प्रत्येकाने तिला कमीत कमी नुकसान करील अशा जागी नेऊन ठेवले.

शिक्षकांनी हे वर्गात करून पाहावे. एका मुलाने बाक वाजवावे, दुसऱ्याने त्याचा ताल धरावा, बाकीच्यांनी मध्येच वाटेल तशा टाळ्या वाजवाव्यात. आधी दुसऱ्याला दर ठोक्याला चाल सुधारू द्या. मग चार ठोके ऐकून सुधारायला सांगा. गाळणी म्हणजे काय, हे मुलांना फळ्यावर लिहिण्याआधीच कळेल.