सह्याद्रीची नेढी : पाण्याने पाडलेल्या कमानी

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) शहरालगतच्या बालाघाट डोंगरात प्राचीन कारागिरांनी ज्या प्रकारच्या काळ्या कातळात लेणी खोदली, त्याच कातळाला सह्याद्रीच्या माथ्यावर निसर्गाने आरपार छिद्रे पाडली आहेत. सुईच्या छिद्रावरून त्यांना 'नेढे' हे समर्पक नाव मिळाले. राजगडाची सुवेळा माची, अकोले तालुक्यातील रतनगड आणि रायगड जिल्ह्यातील इर्शाळगड येथील नेढी गिर्यारोहकांच्या विशेष परिचयाची आहेत.

नैसर्गिक कमानींचे सर्वांत प्रसिद्ध आगर म्हणजे अमेरिकेच्या यूटा राज्यातील आर्चेस राष्ट्रीय उद्यान. तेथे दोन हजारांहून अधिक कमानींची नोंद झाली आहे. मात्र तो वालुकाश्म आहे. त्याच्या खाली मिठाचा जाड थर असून, तो सरकल्याने वरच्या खडकाला समांतर भेगा पडल्या. भेगांमधून खडकाच्या उभ्या, अरुंद भिंती सुट्या झाल्या. वाळूचे कण धरून ठेवणारा चुना पाण्याने विरघळला आणि भेगांत गोठणाऱ्या बर्फाने उरलेले काम पूर्ण केले.

सह्याद्रीत मीठही नाही आणि बर्फही नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून लाव्हारसाचे थर एकावर एक साचले व त्यांचा बेसॉल्ट बनला. हे थर सारखे नाहीत. काही घट्ट, तर काही वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेले. पावसाचे पाणी उभ्या भेगांतून उतरते, ठिसूळ भाग झिजवते. डोंगराची धार अरुंद असेल तर दोन्ही बाजूंच्या खोबणी आत सरकत अखेर एकमेकींना भिडतात आणि वरचा घट्ट कातळ तुळईसारखा टिकून राहतो. नेढी धारेवर किंवा सुळक्याच्या टोकाशी आढळतात, रुंद पठारावर नव्हेत, याचे कारण हेच.

जुन्नर तालुक्यात आणे घाटातील गुळुंचवाडीचा शिलासेतू याहून वेगळा. तेथे ओढ्याच्या प्रवाहाने कातळाखालून वाट काढली. त्यामुळे भूशास्त्राच्या भाषेत ती कमान नसून पूल ठरतो. जवळच मळगंगेचे देऊळ आहे.

छिद्र पाडणारी झीज पुढे थांबत नाही. आर्चेस उद्यानात १९९१ मध्ये लँडस्केप आर्च या सुमारे ९० मीटर लांबीच्या कमानीतून मोठी शिळा निखळली व खालची पायवाट बंद करावी लागली. २००८ च्या ऑगस्टमध्ये वॉल आर्च एका रात्रीत कोसळली. राजगडाच्या नेढ्यात मात्र सुटीच्या दिवशी छायाचित्रासाठी रांग लागते. शेजारच्या कड्यावर मधमाश्यांची पोळी असतात, हा धोका निराळाच.

आंध्र प्रदेशात तिरुमला येथील शिलातोरणम् ही सुमारे आठ मीटर रुंद कमान राष्ट्रीय भूशास्त्रीय स्मारक आहे. राजगडाचा समावेश २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला, तो मराठ्यांच्या दुर्गरचनेसाठी. त्याच्या माचीवरील नेढ्याची भूशास्त्रीय ठेवा म्हणून वेगळी दखल त्यात नाही.