नॉर्वेला जहाजानेच का जायचं?

नॉर्वेच्या क्रूझची कुठलीही जाहिरात उघडा. फियॉर्ड, मध्यरात्रीचा सूर्य, हिमनद्या, कारणांची यादी तयारच असते. पीएच.डी.च्या तयारीत असाल तर त्या यादीला एक साधा प्रश्न विचारून बघा: हे सगळं जहाजातूनच का दाखवतात?

पहिलं उत्तर भूगोलात आहे. हिमनद्यांनी डोंगर खोल कोरले आणि त्या दऱ्यांत समुद्र शिरला, तेच फियॉर्ड. अशा किनाऱ्यावर सलग रस्ता करणं महाकठीण, म्हणून शेकडो वर्षं समुद्र हाच रस्ता होता.

दुसरं उत्तर इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकात ट्रॉन्हेमचं पत्र उत्तरेला हॅमरफेस्टला पोचायला उन्हाळ्यात तीन आठवडे, तर हिवाळ्यात पाच महिने लागायचे. दीपस्तंभ मोजकेच; हिवाळ्याच्या काळोखात बोट चालवायला कोणी धजत नव्हतं. रिचर्ड विथ हा कप्तान तयार झाला, कारण त्याच्याकडे आणि त्याच्या वाटाड्याकडे नोंदी होत्या: कुठल्या दिशेने, किती वेगाने, किती वेळ गेलं की कुठे वळायचं. २ जुलै १८९३ ला त्याची ‘वेस्टरालेन’ ट्रॉन्हेमहून निघाली आणि ‘हुर्टिगरुटेन’, म्हणजे ‘जलद मार्ग’, सुरू झाला. आज पर्यटक ज्या मार्गासाठी पैसे मोजतात तो मुळात टपालाचा मार्ग आहे, आणि तो नोंदवहीच्या भरवशावर सुरू झाला.

मुंबईहून रत्नागिरी, मालवण करत गोव्याला जाणारी आपली कोकण बोट आठवते? ती पावसाळ्यात बंद असायची आणि पुढे कायमचीच बंद झाली. तिकडची मात्र सरकारी करार आणि पर्यटक या दोन्हींवर टिकली. एक का टिकली आणि दुसरी का नाही? झाला की तुलनात्मक अभ्यासाचा विषय!

आता याच समुद्रातून आणखी उत्तरेला, स्वालबार्ड बेटांकडे चला. काही क्रूझ इथल्या न्यू-ओलेसुंड गावाला थांबतात. ध्रुवापासून साधारण १२०० किलोमीटरवरचं हे गाव कोळशाच्या खाणीचं. १९६२ च्या स्फोटात २१ कामगार गेले, पुढच्या वर्षी खाण बंद झाली आणि हळूहळू ते संशोधकांचं गाव झालं. इथेच २००८ मध्ये भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र सुरू झालं. त्याचा कारभार चालतो गोव्यातल्या वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून.

या बेटांशी आपला संबंध मात्र जुना आहे. ९ फेब्रुवारी १९२० च्या स्वालबार्ड कराराने बेटांवर नॉर्वेची सत्ता मान्य झाली आणि सही करणाऱ्या देशांच्या नागरिकांना तिथे जायचा समान हक्क मिळाला. त्या करारात भारताचं नाव वेगळं आहे, पण सही ब्रिटिश राजदूत लॉर्ड डर्बी यांची! म्हणजे पारतंत्र्यातल्या कागदाने दिलेला हक्क स्वतंत्र भारताच्या कामी आला. मूळ करार इंटरनेटवर मोफत मिळतो. बजाजनगरसारख्या, समुद्रापासून लांब असलेल्या कारखान्यांच्या वसाहतीत बसूनही तो वाचता येतो. कोणाच्या तरी सारांशावर थांबू नका.

शेवटचा मुद्दा सगळ्यात गंभीर. न्यू-ओलेसुंडला स्वच्छ हवेच्या नोंदी घेतात, आणि जहाज आलेलं असताना हवेत काजळी आणि सूक्ष्म कण वाढल्याचं तिथल्याच मोजणीत दिसलं आहे. बर्फावर काजळी बसली की तो ऊन जास्त शोषतो. म्हणजे बर्फ बघायला जाणाराच तो वितळवायला हातभार लावतो. २०२५ पासून स्वालबार्डच्या संरक्षित भागांत २०० हून जास्त प्रवाशांच्या जहाजांना बंदी आहे, ती उगाच नाही.

तेव्हा जाहिरातीतलं प्रत्येक ‘कारण’ उलटं करून बघा. हा मार्ग कोणी, कशासाठी काढला? हक्क कुठल्या कागदाने दिला? आपल्या जाण्याने तिथे काय बदलतं? हे तीन प्रश्न तुमच्या स्वतःच्या विषयालाही लावून बघा आणि उत्तरं वहीत लिहून ठेवा. प्रस्तावाचं पहिलं पान बहुतेक त्यातूनच निघेल.